मातीतली तोटी आणि मोडीचा भाव

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत भंगार, मोड, कल्हई, नळजोडणी आणि किरकोळ ओतकाम यांवर पोट असणारी आपली माणसे पुष्कळ आहेत. जुना वाडा पाडला, रस्ता खणला, विहिरीचा गाळ काढला किंवा कृष्णेचा पूर ओसरला, की त्यातून निघालेला धातू फिरत फिरत शेवटी आपल्याच एखाद्या गोदामात येऊन पडतो. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. धातुशोधक यंत्र आता कोणालाही विकत मिळते, आणि ते हातात घेऊन शेतात, पडक्या वाड्यात, नदीकाठी हिंडणारी तरुण मुले दिसू लागली आहेत. यंत्र वाजते, मुलगा खणतो, आणि हाताला लागते काय? दहापैकी बहुतेक वेळा खिळा, नाहीतर बाटलीचे झाकण. त्यातल्या त्यात नशीब चांगले असेल तर नळाचा एखादा पितळी तुकडा.

या तुकड्यावर लिहिण्यासारखे काय आहे, असे काही वाचक विचारतील. आमचे म्हणणे असे, की आहे, आणि बरेच आहे. हा तुकडा ओळखता न आल्यामुळे आपल्या व्यापाऱ्यांचे चार प्रकारे नुकसान होते. पितळेच्या भावात गनमेटल जाते. साध्या तांब्याच्या गोळ्याला दैवी वस्तू समजून लोक पैसे बुडवतात. नगरपालिकेचा माल न कळत विकत घेतला जातो आणि पोलीस दारात येतात. चौथे नुकसान सर्वांत वाईट असूनही त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. ते म्हणजे शिसे. त्याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या भागात पाणी नळाने नेण्याची विद्या फार जुनी असली, तरी ते नळ धातूचे नव्हते. साताऱ्यात यवतेश्वराच्या डोंगराकडून शहरातल्या हौदांत पाणी येई ते खापरी नळांनी. औरंगाबादला मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर खोदली आणि पुढे पाणचक्कीला पाणी आले, तेही मातीच्या नळांतून. आदिलशाही विजापुरातही तीच रीत होती. म्हणून कोणी आटे पाडलेली पितळी वस्तू आणून 'ही आदिलशाहीतली आहे' किंवा 'ही शिवकाळातली आहे' असे सांगू लागला, तर त्याला चहा पाजावा आणि पैसे मात्र देऊ नयेत.

आटे हाच या मालाचा जन्मदाखला आहे. पूर्वीचा कारागीरही आटे पाडत असे, नाही असे नाही. पण ते हाताने पाडलेले, एकासारखा दुसरा नसलेले असत. सगळीकडे एकाच मापाचे आटे असावेत हा विचार इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली मांडला, आणि आपल्याकडच्या नळकामाचे आटे आजही त्याच घराण्यातले आहेत. इंची पट्टी लावून मोजून पाहा. अर्धा इंची आणि पाऊण इंची मालाला एका इंचात 14 आटे भरतात, एक इंची आणि त्यापुढच्या मालाला 11. गंमत अशी, की अर्धा इंची निपल बाहेरून मोजला तर तो अर्धा इंच भरतच नाही. तो सुमारे 21 मिलिमीटर भरतो, पाऊण इंची 26 च्या थोडा वर आणि एक इंची 33 च्या थोडा वर. कारण नाव पडले ते पाइपच्या आतल्या पोकळीवरून. ज्याला हे ठाऊक नाही तो माप जुळत नाही म्हणून वस्तू 'जुन्या काळची' ठरवतो, आणि नळफिटर मात्र ती हातात घेताक्षणी ओळखतो.

अक्षरेही बोलतात. वस्तूवर आयएसआयची खूण असेल तर ती 1950 च्या दशकाच्या मध्यापूर्वीची असू शकत नाही, कारण ती खूण देण्याची पद्धतच तेव्हा सुरू झाली. माप मिलिमीटरमध्ये ओतलेले असेल तर बहुतेक 1960 नंतरची समजावी. स्कॉटलंडमधील किल्मार्नॉकच्या ग्लेनफील्डसारख्या परदेशी कारखान्याचे नाव बिडाच्या मोठ्या व्हॉल्व्हवर दिसले, तर तो माल जुन्या पाणीयोजनेचा असण्याचा संभव मोठा. आपल्याच भागाचे म्हणाल तर किर्लोस्करवाडी 1910 साली वसली आणि तिथले पंप गावोगाव गेले. साताऱ्याला कूपरांची इंजिने झाली. त्यांच्या बुशा, फूटव्हॉल्व्ह आणि पंपाचे पंखे आजही विहिरींच्या गाळातून निघतात. शेतकरी फूटव्हॉल्व्ह लगेच ओळखतो. शहरातला पोरगा त्याची जाळी पाहून अत्तरदाणी समजतो.

लोकांना फसवणारे आकार ठरलेले आहेत. नळाच्या तोटीत वायसर धरणारा छत्रीसारखा छोटा पितळी तुकडा असतो, त्याला फिटर जंपर म्हणतात. मातीतून निघाला की तो बुद्धिबळाच्या प्याद्यासारखा दिसतो, आणि तशी समजूत करून घेणारेही भेटतात. जुन्या पद्धतीच्या चावीच्या नळात निमुळता, मधोमध आरपार भोक असलेला पितळी खुंटा असतो. त्याला लोक शिक्का म्हणतात, कुलपाची किल्ली म्हणतात. व्हॉल्व्हचे लहान चाक रथाच्या चाकासारखे दिसते, पण नीट घासले तर त्यावर उघड-बंद दाखवणारा बाण आणि इंग्रजी अक्षरे सापडतात. दुष्काळी पट्ट्यात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला, पितळेची गुळगुळीत नळी आली तर ती हातपंपाच्या सिलिंडरमधली असेल हे धरून चालावे. 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर पडले. जालना आणि सोलापूर येथे मिशनऱ्यांनी सुधारलेल्या पंपांच्या अनुभवावरून पुढे इंडिया मार्क दोन हा पंप तयार झाला. त्याच्या बिडाच्या सिलिंडरात पितळेचे अस्तर असते आणि त्याचा आतला व्यास साडेत्रेसष्ट मिलिमीटर. कॅलिपर लावला की शंका फिटते.

बॉलकॉकचा तांब्याचा गोळा हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. आता टाकीत प्लॅस्टिकचा गोळा असतो, पण पूर्वी तो तांब्याच्या दोन वाट्या झाळून केलेला असे. जमिनीत राहून तो हिरवा-काळा पडतो, हातात हलका लागतो, आत पाणी शिरले असेल तर खुळखुळतो. असाच एखादा गोळा किंवा जुने तांब्याचे भांडे दाखवून 'राईस पुलर'चा धंदा चालतो. या वस्तूवर वीज पडली आहे, ती तांदळाचे दाणे ओढते, तिच्यात इरिडियम आहे, अमेरिकेची अंतराळ संस्था कोट्यवधी रुपये मोजायला तयार आहे, फक्त तपासणीसाठी आगाऊ काही लाख भरा, अशी ती कथा. देशात अनेक ठिकाणी या प्रकरणी गुन्हे नोंदले गेले आहेत आणि महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही. तांबे तांदूळ ओढत नाही. तांदळाच्या दाण्यात लोखंडाचा कीस भरून चुंबकाने खेळ केला की झाले. गोळ्याच्या मधोमध झाळीची रेघ आणि एका बाजूला आटे असलेले पितळी बोंड दिसले, की ती टाकीतली वस्तू आहे एवढे सांगून विषय संपवावा. कष्टाने जमवलेली पुंजी असल्या नादात घालवणाऱ्यांत व्यवहारी म्हणवणारे लोक असतात, याचे आम्हाला खरोखर आश्चर्य वाटते.

आता भावाचा मुद्दा. आमच्या मते आपला किरकोळ व्यापारी सर्वांत जास्त मार खातो तो इथे. नळाचा सगळा पिवळा माल एका पोत्यात आणि एका भावात, ही रीत सोडली पाहिजे. साधे पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. गनमेटल म्हणजे तांबे, कथील आणि थोडे जस्त. जुन्या चांगल्या व्हॉल्व्हच्या गनमेटलमध्ये शंभरात 85 भाग तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी 5 भाग, असे एक मिश्रण रूढ आहे. त्यात तांबे जास्त आणि कथील महाग, म्हणून गनमेटलची मोड पितळेपेक्षा वरच्या भावाची. दोन्ही एकत्र विकणारा गनमेटल पितळेच्या भावात देतो, आणि पुढचा मोठा व्यापारी ते शांतपणे वेगळे करतो.

वेगळे कसे करावे? प्रथम चुंबक. तो चिकटला तर लोखंड, पोलाद किंवा बीड. चकचकीत तोटीला चिकटला नाही म्हणून ती लगेच पितळ समजू नये, कारण जस्ताच्या मिश्रणाचे हलके ओतकामही तसेच चमकवलेले असते. मग कानस. एका कोपऱ्यात खोल कानस मारली की पितळ पिवळे दिसते, गनमेटल लालसर, जस्ताचे ओतकाम पांढुरके, आणि शिशात तर नखही उमटते. वरवर घासून पाहणे धोक्याचे आहे. पितळ बरीच वर्षे ओल्या मातीत राहिले की त्यातले जस्त निघून जाते आणि वर गुलाबी, भुसभुशीत तांबे उरते. त्याला गनमेटल समजून जास्त भाव दिल्याची उदाहरणे या धंद्यात नवी नाहीत. तसेच बिडाचे. जुन्या बिडाच्या पाइपातले लोखंड गंजून निघून जाते आणि मागे ग्रॅफाइट राहते. आकार जसाच्या तसा, पण चाकूने कापता येईल इतका मऊ आणि वजनाला हलका.

तिसरी पारख पाण्याची आहे, आणि ती आपल्या तराजूवर होते. वस्तू स्वच्छ करावी, आतला पोलादी स्पिंडल काढावा, कोरडी वजन करावी. मग दोरीने बांधून बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता, पुन्हा वजन करावे. जेवढे वजन कमी भरले त्याने कोरड्या वजनाला भागावे. समजा कोरडे वजन 845 ग्रॅम आणि पाण्यात 745 ग्रॅम. फरक 100, भागाकार 8.45, म्हणजे पितळ. साधारण 8.7 ते 8.8 आले तर गनमेटल, 8.9 तांबे, 7.2 च्या आसपास बीड, आणि 11.3 आले तर शिसे. पोकळीत हवा अडकली की हिशेब चुकतो, म्हणून वस्तू पाण्यात फिरवून बुडबुडे जाऊ द्यावेत. एवढी खटपट एका तोटीसाठी कोणी करणार नाही हे आम्हालाही कळते. पण मोठा व्हॉल्व्ह किंवा पंपाचा पंखा घेताना पाच मिनिटे घालवायला काय हरकत आहे?

शिवाय सगळाच माल फोडण्याचा नसतो. गनमेटलच्या जुन्या व्हॉल्व्हची सीट लेथवर पुसून घेतली, ग्लँडमध्ये नवी दोरी भरली, की तो शेतीच्या किंवा कारखान्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे चालतो आणि मोडीपेक्षा जास्त पैसे देतो. हातोडा मारला की ही किंमत संपली. हातातल्या विद्येला नवे काम शोधून देण्याची परंपरा आपल्या भागात आहे. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांचे काम सोडून सतारी केल्या, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. जुना व्हॉल्व्ह दुरुस्त करणे त्यामानाने काहीच नाही.

कायद्याची बाजू मात्र गंभीर आहे. पाण्याच्या मीटरचे अंग पितळ किंवा गनमेटलचे असते आणि त्यावर नंबर असतो. रस्त्याखालच्या मुख्य नळातून घराला जोड देणारे फेरूल, सार्वजनिक नळाची तोटी, स्लुइस व्हॉल्व्हचा स्पिंडल या वस्तू जमिनीतून निघाल्या म्हणजे बेवारस झाल्या असे होत नाही. चोरीचा माल घेण्याबद्दल पूर्वी दंडसंहितेचे कलम 411 होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 317 आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 'मला माहीत नव्हते' एवढ्याने सुटका होईलच असे नाही, कारण माल चोरीचा आहे असे मानण्यास कारण होते का, हेही कायदा विचारतो. अर्ध्या भावात, रात्रीच्या वेळी, दहा मीटर एकदम आले, तर कारण होते असेच कोणीही म्हणेल. आणि पकडला जातो प्रथम तो गाडीवाला. गोदामाचा मालक नंतर.

यावर उपाय वहीच आहे. कोणाकडून, कधी, काय, किती वजनाचे घेतले आणि विकणाऱ्याचे ओळखपत्र पाहिले की नाही, हे रोजच्या रोज लिहिले पाहिजे. नंबर असलेली वस्तू असेल तर नंबर उतरवावा, फोटो काढावा. पालिकेचा माल लिलावातून आला असेल तर लिलावाचा कागद मागावा, आणि कागद नसेल तर माल परत करावा. जीएसटीनेही आता हे सक्तीचे केल्यासारखेच आहे. 10 ऑक्टोबर 2024 पासून नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्याकडून धातूचे भंगार घेतले, तर 18 टक्के कर घेणाऱ्याने स्वतः भरायचा आहे आणि खरेदीचे बिलही स्वतःच करायचे आहे. ही वही करासाठी ठेवावी लागणारच, तर तिचाच उपयोग पोलीस चौकशीत करून घ्यावा.

धातुशोधक घेऊन हिंडणाऱ्या मुलांना तर हे घरातल्यांनीच सांगितले पाहिजे. संरक्षित किल्ल्यावर किंवा स्मारकात खणणे हा गुन्हा आहे, मग हाती नळाची तोटी लागो की होन. दुसऱ्याच्या शेतात परवानगीशिवाय जाऊ नये. आणि जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे 1878 चा निखात निधी कायदा सांगतो. त्या काळचे दहा रुपये आजही कायद्यात दहाच आहेत! शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू विकायची तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने परवाना लागतो. म्हणून तोट्यांच्या पोत्यात जुनी नाणी किंवा मूर्तीचा तुकडा दिसला, तर तो बाजूला काढून रीतसर कळवावा. वितळवणे तर मुळीच नको.

आता शिसे. जुन्या बिडाच्या पाइपांचा जोड कसा असे? एका पाइपच्या रुंद तोंडात दुसऱ्याचे टोक घालून सांध्यात ताग ठासत आणि त्यावर वितळलेले शिसे ओतून ठोकत. पाइप फोडला की हे शिसे जाड कड्याच्या आकारात बाहेर पडते. वर पांढरी पुटे, आत राखाडी चकाकी, हातात घेतले तर अपेक्षेपेक्षा कितीतरी जड. कोणी ते चांदीचे कडे समजतो. नखाने ओरखडा काढला, कागदावर ओढले आणि काळी रेघ उमटली, की चांदीचा विषय संपतो.

शिसे 327 अंशांना वितळते. म्हणजे घरच्या चुलीवर, स्टोव्हवर, जुन्या कढईत ते सहज वितळते, आणि नेमके हेच वाईट आहे. मासेमारीच्या जाळ्याची वजने, तराजूची किरकोळ भर, बॅटरीचे भंगार अशा कामांसाठी घराच्या अंगणात शिसे वितळवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. बाजूला मुले खेळत असतात. शिशाची धूळ आणि धूर अंगात साठत जातो, आणि मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम नंतर औषधाने भरून निघत नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. एवढ्यावरून या विषाची जात समजावी. शिशाचे काम घरापासून दूर, उघड्यावर, वेगळ्या कपड्यांत करावे, जेवणाआधी हात-तोंड धुवावे, आणि तो माल न वितळवता तसाच परवानाधारक कारखान्याला विकणे सर्वांत चांगले. दोन रुपये कमी मिळतील, मिळू द्यावेत.

याच कारणाने नळाच्या मोडीपासून भांडी ओतू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. लेथवर चिप्स सुटाव्यात म्हणून नळाच्या पितळेत शंभरात दोन-तीन भाग शिसे मुद्दाम घातलेले असते, गनमेटलमध्ये तर पाच. त्या मोडीतून कडी-कोयंडे, बिजागऱ्या, मशिनच्या बुशा करा. पातेले, पेला, परात करू नका. ओतारी म्हणेल की वरून कल्हई आहे, मग काय होते? कल्हई झिजते, आणि चिंच-कोकमाचा पदार्थ त्याखालच्या पितळेपर्यंत पोचतो.

कल्हईवाल्यांविषयीही लिहिणे भाग आहे. हा धंदा आधीच स्टीलच्या भांड्यांनी मारला आहे. उरला आहे तो लग्नाच्या देगांवर, हॉटेलांवर आणि पुन्हा तांब्या-पितळेकडे वळलेल्या हौशी घरांवर. कथील फार महाग झाले, म्हणून त्यात भंगारातले शिसे मिसळण्याचा मोह होतो, आणि ते शिसे आपल्याच बाजारात, अशाच पाइपच्या सांध्यातून निघालेले, स्वस्तात मिळते. देगेत हजार माणसांचे अन्न शिजते. अशी कल्हई करणाऱ्याला आणि जाणूनबुजून त्याला शिसे पुरवणाऱ्याला आम्ही सारखेच दोषी धरतो. ज्यांना आपल्या देगांना कल्हई करून घ्यायची आहे त्यांनी कारागिराला पूर्ण मजुरी द्यावी आणि कथील समोर तपासून घ्यावे. तपासणी सोपी आहे. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की करकर आवाज येतो. शिसे मिसळले की तो आवाज बसतो, आणि निव्वळ शिशाची कांडी मुकाट्याने वाकते.